वाट बघणाऱ्यांच्या खुर्च्या

१

दुपारचं जेवण उरकलं की गादीवाला दुकान बायकोच्या हवाली करायचा, अंगावरचा फोमचा चुरा झटकायचा आणि सायकल बाहेर काढायचा. जुन्या खुर्च्या आणि सोफे नव्याने भरून द्यायचे, हा त्याचा धंदा. बैठक खाली गेली, स्प्रिंग बोचायला लागली, कापड विरलं, की लोक त्याच्याकडे येत. बारीक खिळे ओठांत धरून एकेक ठोकत जायची त्याची पद्धत होती. त्यामुळे गिऱ्हाइकाशी फार बोलावं लागत नसे, आणि ते त्याच्या पथ्यावरच पडे.

सायकल जायची ती रस्त्याच्या टोकाच्या दुमजली इमारतीकडे. मोठ्या इस्पितळांनी हात टेकलेली माणसं तिथे येत. तिथलं औषध बरं होण्यासाठी नसे, दुखू नये एवढ्यासाठी असे. गादीवाल्यासारखी काही बाहेरची माणसं पाळीपाळीने तिथे येऊन बसत. त्यांना ‘सोबती’ म्हणत. काम साधं होतं. ओठ कोरडे पडले तर ओल्या कापसाने टिपायचे, उशी सरळ करायची, कोणी बोललं तर ऐकायचं, आणि शेवट जवळ आला की हात हातात घ्यायचा. घेतलेला हात सोडायचा नाही, एवढा एकच नियम. तो बाईंनी घातलेला.

बाई म्हणजे सोबत्यांच्या प्रमुख. जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. कडक इस्त्रीचे कपडे, पण आवाज असा की तापलेल्या कपाळावर कोणी गार हात ठेवावा. गेल्या वर्षी गादीवाल्याची आई याच इमारतीत गेली तेव्हा तो दुकानात होता. आईचा हात बाईंच्या हातात होता. ते उपकार तो विसरला नव्हता. पुढे एकदा बाई दुकानात आल्या, नातेवाइकांच्या खोलीतल्या खुर्च्या भरून हव्यात म्हणाल्या, आणि उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, “सोबतीला बसाल का आमच्याकडे?”

तोंडातले खिळे हातावर काढून तो ‘बसेन’ म्हणाला.

“खुर्च्या द्यायला आल्या आणि नवरा घेऊन गेल्या,” बायको शेजारणीला सांगायची.

२

नातेवाइकांची खोली तळमजल्यावर, दाराशीच होती. दाराला धुरकट काच, आत भिंतीला टेकून खुर्च्यांची रांग, कोपऱ्यात पाण्याचं पिंप. भेटायला येणारी माणसं तिथे बसत नसत. ती एक तर थेट खाटेपाशी जात, नाही तर बाहेर ओट्यावर उभी राहून फोनवर बोलत.

या खुर्च्या गादीवाल्याने मन लावून भरल्या होत्या. चांगल्यातला चांगला, दाबला की लगेच वर येणारा फोम घातला होता. आईसाठी म्हणून केलेलं काम. त्यामुळे एका दुपारी पाणी प्यायला तो आत गेला आणि त्याने खुर्च्यांकडे बघितलं, तेव्हा त्याला वाईटच वाटलं.

बैठका दबल्या होत्या. मधोमध खोलगट झाल्या होत्या, काठाला कापडावर सुरकुत्या आल्या होत्या. अशी खूण एकदा बसून उठल्याने पडत नाही. रोज, दिवस दिवस कोणी बसून राहिलं तर पडते. त्याने तळहाताने एक बैठक दाबून बघितली. फोम हळूहळू वर आला, थोडा वेळ तसाच राहिला, आणि पुन्हा खाली गेला.

फोम देणाऱ्याने फसवलं, त्याने ठरवून टाकलं.

फरशी पुसणारी मावशी बादली घेऊन दारातून जात होती. त्याने विचारलं, “मावशी, इथे दुपारचं कोणी झोपतं का?”

“कोण झोपतंय? सगळे वर झोपलेत की.” मावशी थांबली. “पण खरं सांगू का, मला ही खोली आवडत नाही. परवा झाडताना सवयीनं बोलून गेले, पाय वर घ्या जरा. मग बघितलं तर कोणी नाही.”

“होतं असं.”

“होतं, होतं. पण झाडू खुर्चीखालनं अडखळत गेला बरं का.” मावशी स्वतःच हसली आणि बादली उचलून चालती झाली.

३

खिडकीजवळच्या खाटेवर ड्रायव्हरकाका होते. आयुष्यभर लांब पल्ल्याच्या गाड्या चालवलेल्या. आता गाडी कुठली, अंगावरची चादर ओढायची ताकद नव्हती. पण बोटात एक किल्ली असायची, आणि ती ते हळूहळू फिरवत राहायचे. मुलांनी ती काढून घ्यायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांनी अशी शिवी दिली की नर्सनेही कानावर हात ठेवले.

पहिले काही दिवस काका फार घाबरलेले असायचे. डोळे मिटले तर उघडणार नाहीत म्हणून जागे राहायचे. मग एका सकाळी बाई त्यांच्याशी बराच वेळ बोलल्या, आणि दुपारी गादीवाला गेला तेव्हा काकांची भीती पार उतरली होती. त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, जसं लांबच्या वाटेला निघताना क्लीनरला न्याहाळावं.

“तब्येत बरी आहे तुमची,” काका म्हणाले. “चालेल.”

“कशाला चालेल, काका?”

“मी पुढे होतो. तुम्ही या मागनं. वाट बघतो मी, घाई करू नका. पण फार उशीरही करू नका, काय? एकट्यानं थांबायचा मला कंटाळा.”

औषधाने माणूस बरळतो, हे गादीवाल्याला आता ठाऊक झालं होतं. तो ‘बरं’ म्हणाला आणि उशी सरळ केली. काका त्याच आठवड्यात गेले, गाडी थांब्यावर लागावी तसे. धक्का नाही, आवाज नाही. किल्ली गादीवाल्याने स्वतः त्यांच्या मुलाच्या हातात दिली.

बाई म्हणाल्या, “तुमच्यामुळे शांत गेले हो.” तो लाजला. घरी जाताना सायकल नेहमीपेक्षा हलकी वाटली.

४

त्याच खाटेवर पुढे एका कचेरीतले हेडक्लार्क आले. सगळं नीट लागायचं त्यांना. पाण्याचा पेला कुठे, चष्मा कुठे, पडदा कितपत उघडा. बाईंशी त्यांचंही बोलणं झालं, आणि त्यानंतर ते गादीवाल्याची जणू मुलाखतच घ्यायला लागले.

“घोरता का तुम्ही?”

“बायको म्हणते, थोडंसं.”

“हं. आणि बोलता फार का?”

“नाही साहेब.”

“ते उत्तम. आधी विचारलेलं बरं. मग पुढे कटकट नको.” त्यांनी डोळे मिटले. जरा वेळाने, डोळे न उघडता, म्हणाले, “ते ड्रायव्हर फार पाय हलवतात हो. सगळी रांग हलते.”

गादीवाल्याच्या हातातला कापूस तसाच राहिला. ड्रायव्हरकाका गेल्यावर हेडक्लार्क आले होते. दोघांची गाठ पडली नव्हती. कोणी तरी सांगितलं असेल, त्याने स्वतःला समजावलं. मावशीच असेल, तिच्या तोंडाला कुठे कुलूप आहे. पण ‘हलवायचे’ असं साहेब म्हणाले नव्हते. ‘हलवतात’ म्हणाले होते, आणि कपाळाला आठी घालून म्हणाले होते, शेजारच्याचा त्रास आत्ता होतोय तशी.

संध्याकाळी निघताना तो नातेवाइकांच्या खोलीत गेला. मुद्दामच गेला, म्हणजे मनातलं निघून जाईल. खोलीत ऊन येत नव्हतं, पंखा बंद होता. त्याने पहिल्या खुर्चीवर हात ठेवला.

बैठक कोमट होती. दुसरीही. तिसरीवर त्याने हात ठेवला नाही.

५

दुसऱ्या दिवशी तो गेला नाही. एका सोफ्याचं काम पुरं करायचंय असं बायकोला सांगितलं. बायको दोरा ओवत होती. तिने त्याच्याकडे एकदा बघितलं.

“बाईंना न सांगता सुट्टी? तुम्ही?”

“कामं तुंबलीत.”

“कामं कधी तुंबली नव्हती?” तिने दोरा दाताने तोडला. “बरं, विसरलेच. काल तुम्ही तिकडे असताना एक म्हातारबाबा आले होते दुकानावर.”

“काय भरायचंय?”

“काही नाही. उंबऱ्याच्या आत आलेच नाहीत. म्हणाले, अजून आहेत का? मी म्हटलं, आहेत की, संध्याकाळी येतील. तर म्हणाले, असू दे, घाई नाही. भला माणूस वाटला.”

“दिसायला कसे होते?”

“आता कसं सांगू? उन्हाकडे पाठ होती. बोटात काहीतरी फिरवत होते.”

आतल्या खोलीत मुलगी पाढे म्हणत होती. एका ठिकाणी ती चुकली, थांबली, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागली. गादीवाला तो आवाज ऐकत उभा राहिला. बोटात किल्ली फिरवणारी माणसं रस्त्यावर ढिगाने सापडतील. हे त्याला पटत होतं. पण ‘अजून आहेत का’ असं घरी आहे का हे विचारताना कोणी विचारत नाही, हेही पटत होतं.

“मी ते सोबतीचं सोडून देतो,” तो म्हणाला.

बायकोची सुई थांबली. “सोडा की. पण बाईंच्या तोंडावर सांगा. आणि ‘नाही’ हा शब्द वापरा. नाही तर परत येताना दोन पाळ्या जास्तीच्या घेऊन याल.”

६

बाई वरच्या मजल्यावर धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. त्यांनी बोलता बोलता एका चादरीची दोन टोकं त्याच्या हातात दिली.

“काल आला नाहीत. ते साहेब सकाळीच गेले. तुमची आठवण काढत होते.”

“बाई, तुम्ही पेशंटना माझ्याबद्दल काय सांगता?”

“चांगलंच सांगते.”

“काय पण?”

चादर मधोमध दुमडली. टोकाला टोक जुळवायला बाई त्याच्याजवळ आल्या आणि पुन्हा मागे गेल्या.

“भ्यालेल्या माणसाला काय हवं असतं, सांगा बरं? पुढे बरोबर कोणी असेल का, एवढंच. इथवर आपण हात धरतो. पण ते विचारतात, नंतर? मग मी सांगते, तुम्ही पुढे व्हा, मागोमाग सोबत येतेय.”

“कोण येतंय?”

बाईंनी चादर हलकेच झटकली. “तुम्ही.”

त्याला आधी हसूच आलं. मग ते चेहऱ्यावरच राहिलं, काढता येईना.

“सगळ्यांना सांगितलंत?”

“ज्यांना भीती वाटली त्यांना.”

“म्हणजे सगळ्यांना.”

बाईंनी चादरीची कड सरळ केली. मग म्हणाल्या, “नुसतं नाव सांगून भागत नाही हो. कोण, कसा, ते दाखवावं लागतं. माणूस बघितल्याशिवाय कोणाचा विश्वास बसतो?”

तर त्याच्यासाठी त्या दुकानात आल्या होत्या. खुर्च्यांसाठी नाही, ओठ टिपण्यासाठी नाही. गिऱ्हाइकाला कापडाचा तुकडा दाखवावा तसं खाटेखाटेवर त्याला दाखवलं होतं, आणि तो, शहाणा, रोज सायकल हाणत स्वतःला दाखवायला येत होता.

“तुमचं स्वतःचं नाव का नाही सांगितलंत?”

“मला भीती वाटते,” बाई म्हणाल्या. इतक्या साधेपणाने म्हणाल्या की त्याला रागावायलाही जागा सापडेना. “आणि एक शब्दच तर आहे तो. माणूस त्याने शांत होतो. गेलेलं कोणी जाब विचारायला येतं का?”

“मग तुम्ही त्या खालच्या खोलीत का बसत नाही?”

बाईंचे हात थांबले. खाली कुठेतरी फरशीवर काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. तो दोघांनीही ऐकला, आणि दोघांनीही ऐकला नाही असं दाखवलं.

“ही युक्ती माझी नाही,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “सांगणार नव्हते मी. तुमच्या आईच्या शेजारच्या खाटेवर एक बाई होत्या. भीतीनं ओरडायच्या, सारख्या. तुमच्या आईलाच त्यांची दया आली. मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, तिला सांगा, माझा मुलगा येईल तिच्या सोबतीला. तो कोणाला नाही म्हणत नाही. मी सांगितलं. त्या बाई गप्प झाल्या. इतकं शांत मरण मी तोवर बघितलं नव्हतं.”

“आई असं म्हणाली?”

“मनानं फार चांगल्या होत्या हो. आणि मग त्यांची वेळ आली तेव्हा त्यांनीही विचारलं, येईल ना तो? मी होय म्हटलं.”

घडी अर्धीच झाली होती. गादीवाल्याने आपली टोकं सोडली. ओला वास असलेली ती चादर दोघांच्या मध्ये जमिनीवर पडली. बाईंवर चिडता येत होतं. पण आईनेही, आणि तेही परक्या बाईसाठी, आपल्याला न विचारता, भांडं उसनं द्यावं तसं देऊन टाकलं होतं. तिच्यावर चिडायला आता कुठे जायचं?

“आता कोणाला सांगितलंय?” त्याने विचारलं.

“कोपऱ्यातल्या ऑपरेटर आजींना. आज सकाळी.”

“त्यांना जाऊन सांगा, ते खोटं आहे. मी येणार नाही म्हणून सांगा. आत्ता, माझ्यासमोर.”

बाईंनी वाकून चादर उचलली आणि छातीशी धरली. “माझ्याने नाही व्हायचं. तुम्हीच सांगा, जमत असेल तर.”

७

ऑपरेटर आजींनी सारी हयात टेलिफोनच्या कचेरीत काढली होती. अजून त्यांची मान एका बाजूला कललेली असायची, तिथे कानाला काही लावलंय अशी. त्यांना सगळ्यात जास्त भीती होती ती शांततेची. म्हणून नर्स त्यांच्या उशाशी रेडिओ लावून ठेवायची. आज रेडिओ बंद होता. त्यांना आता त्याची गरज वाटत नव्हती.

“आलात का,” आजी म्हणाल्या आणि हात पुढे केला. सवयीने त्याने तो हातात घेतला. घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं.

“आजी, एक सांगायचं होतं. बाई तुम्हाला जे म्हणाल्या ना, माझ्याबद्दल. ते खरं नाही.”

“काय खरं नाही?”

“मी येणार नाही. मला घर आहे. लहान मुलगी आहे.”

“नाही येणार?”

“नाही,” तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द त्याच्या तोंडून कुठेही न अडता निघाला.

आजी छताकडे बघत राहिल्या. “राँग नंबर लागला म्हणायचा,” त्या म्हणाल्या, आणि हसायचा प्रयत्न केला. हसू अर्ध्यावर तुटलं. श्वास जोराने वर-खाली व्हायला लागला. बोटं त्याच्या तळहातात रुतली. गादीवाल्याने बेल दाबली. नर्स आली, तिने नाडी बघितली, सुई दिली, आणि त्याच्याकडे बघून मान हलवली. आता सुईचं काम नव्हतं.

तो खुर्चीत ताठ बसून राहिला. नियमाप्रमाणे हात धरला होता. बस, तेवढंच त्याचं काम होतं. तेवढं तो करणार होता. आता थोड्याच वेळात हे संपेल, मग तो खाली उतरेल, सायकल काढेल, मुलीला पाढे म्हणून दाखव म्हणेल. पुन्हा या रस्त्याला फिरकणार नाही. त्याने भिंतीवरच्या एका खिळ्याकडे नजर लावली.

आजी रडल्या नाहीत, विनवण्याही केल्या नाहीत. त्यांनी फक्त मान नेहमीच्या बाजूला कलती केली.

“हॅलो,” त्या म्हणाल्या. कचेरीतल्या, स्वच्छ, नम्र आवाजात. आणि ऐकत राहिल्या.

खोलीत काही आवाज नव्हता.

“हॅलो.”

पुन्हा ऐकलं. श्वाससुद्धा रोखून ऐकलं. पलीकडे कोणी उचललं नव्हतं, हे त्यांच्या डोळ्यांत त्याला दिसलं. कधी उचलणारही नव्हतं, तेही दिसलं.

“हॅलो? कोणी आहे का? हॅलो?”

तो खिळ्याकडे बघत होता. खिळा धूसर झाला. मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा त्याने प्रयत्न केला, आणि तो आलाही. पण त्याच्या हातात दुसऱ्याच कोणाची बोटं होती, आणि ती मुलीच्या बोटांएवढीच बारीक झाली होती.

“हॅलो.”

“हॅलो, आजी,” तो म्हणाला. “आहे मी.”

“आहात?” मान वळली. “येताय ना मग?”

दारात बाई येऊन उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्या त्याच्याकडेच बघत होत्या, श्वास धरून, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दया नव्हती. जड पिशवी दुसऱ्याच्या हातात देताना माणूस जसं बघतो, घेतोय ना, सोडत नाही ना, तसं त्या बघत होत्या.

“येईन,” गादीवाला म्हणाला.

आजींची बोटं सैल झाली. चेहऱ्यावरची एकेक रेघ उतरत गेली. “घरचं आवरून या,” त्या म्हणाल्या. “मी सांगते त्यांना.”

मग शेवटचा श्वास गेल्यावर त्याने आपला हात सोडवून घेतला. बाईंच्या बाजूने, त्यांना स्पर्श होणार नाही असा, तो बाहेर पडला. कठडा धरत जिना उतरला. बाहेरचं दार समोरच होतं, उघडं होतं, आणि त्यातून उन्हातली त्याची सायकल दिसत होती. नातेवाइकांच्या खोलीवरून जायचं, डावीकडे बघायचं नाही. बस्स.

पण डावीकडून आवाज आला. बराच वेळ बसलेली माणसं गाडी लागली म्हटल्यावर उठतात, तेव्हा होतो तसा. गुडघ्यांचा, कपडे झटकल्याचा, खुर्च्या मागे सरकल्याचा. धुरकट काचेपलीकडे उंच-बुटक्या आकृत्या उभ्या राहत होत्या. आजवर त्या कधी उठल्या नव्हत्या. आजवर शब्द त्याचा नव्हता.

दार आतून कोणीतरी अदबीने उघडून धरलं. पुरतं नाही, एक माणूस जाईल एवढंच.

फटीतून त्याला रांगेतली शेवटची खुर्ची दिसली. तिच्यावरची म्हातारी तेवढी उठली नव्हती. दाराकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली होती. विरळ केसांची गाठ त्याने ओळखली. काही चुकलं, मनाला लागलं, की ती घरी अशीच बसायची, आणि मग कितीही हाका मारल्या तरी मागे वळत नसे.

“आई,” त्याने हाक मारली.